वजन, भूक आणि मन : तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की जाड माणसाला टोमणे मारून कुणाचं वजन उतरत नाही, आणि त्यावर काही विचारायचं असेल तर पाठवा. पाठवलंत, बापरे, इतकं की शेवटी संपादकांचा फोन आला, आता पुरे म्हणून. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाहीये, सारखी सारखी पत्रं होती त्यातलं एकेकच घेतलंय, नावं कुणाचीच छापत नाही, आणि आधीच सांगते, मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या-इंजेक्शनचा डोस मला विचारू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ४३ वर्षांची, नाशिकच्या सिडकोत राहते, शाळेत शिक्षिका आहे, वजन ९१ किलो. दिवसभर मी अगदी शिस्तीत असते, डब्यात दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी एखादं फळ. पण रात्री साडेदहाला सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून खाते. चिवडा, उरलेला भात, मुलाची बिस्किटं, जे हाताला लागेल ते. भूक नसतेच. नंतर इतकं वाईट वाटतं की दुसऱ्या दिवशी नाश्ताच करत नाही. यूट्यूबवर माइंडफुल इटिंगचे व्हिडिओ बघितले, एक घास ३२ वेळा चावा म्हणतात. हे केलं तर साधारण किती किलो कमी होईल? आणि मला इच्छाशक्तीच नाहीये का हो?

उत्तर : आधी किलोचं सांगून टाकते म्हणजे ते मनातून जाईल. माइंडफुलनेसने, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे सावकाश लक्ष देण्याने, वजन किती उतरतं यावर भरपूर अभ्यास झालेत, उतरलंच तर थोडं उतरतं आणि कित्येकांचं नाहीच उतरत. पण मन बिनसलं की खाणं, आणि एकदा सुरू झालं की हात थांबतच नाही असं खाणं, या दोन्हीत त्याने फरक पडतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथलंच आहे. त्यामुळे करा जरूर, फक्त रोज सकाळी काट्यावर उभं राहून रिझल्ट बघू नका, पंधरा दिवसांत चिडून सोडून द्याल.

आता तुमचा दिवस बघा ना जरा. नाश्ता नाही, कारण काल रात्रीची शिक्षा. डब्यातल्या दोन पोळ्या, त्याही मधल्या सुट्टीत वह्या तपासता तपासता. घरी आलं की स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या (हे तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, जागेअभावी छापलं नाही). आणि साडेदहाला दिवसात पहिल्यांदा कुणी 'आई' नाही की 'मॅडम' नाही. तुम्ही म्हणता भूक नसते, मला शंका आहे. अर्धी तरी भूकच असणार, दिवसभर अर्धपोटी ठेवलेलं शरीर रात्री वसूल करतंच, आणि उरलेलं अर्धं म्हणजे दिवसभरात स्वतःच्या वाट्याला आलेली ती एवढीच वीस मिनिटं. यात इच्छाशक्ती बिचारी काय करणार. तेव्हा पहिलं काम, सकाळचा नाश्ता सुरू करा, रात्री कितीही खाल्लेलं असलं तरी. पोहे, उपमा, थालीपीठ, घरात जे होतं ते. माइंडफुलनेस त्याच्यानंतर.

आणि ते ३२ वेळा चावणं सोडून द्या, मोजत बसलं की तीसुद्धा परीक्षाच होते. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात जॉन कबाट-झिन यांनी जुन्या दुखण्यांना कंटाळलेल्या पेशंटांसाठी माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, त्यात सुरुवातीलाच माणसाच्या हातात एक बेदाणा देतात. बघायचा, बोटात फिरवायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवून थांबायचं आणि मग चावायचा. आता द्राक्षांचं निफाड-पिंपळगाव शेजारी असलेल्या आपल्याला बेदाण्याचं काय कौतुक, म्हणून तुम्ही हे चिवड्यावर करा, कारण धास्ती त्याची आहे. डबा उघडायच्या आधी झाकणावर हात ठेवून स्वतःला एवढंच विचारायचं, आत्ता काय होतंय? भूक आहे, दमणूक आहे, कुणाचा राग आलाय, की कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय? उत्तर काहीही येऊ दे, खायचं असेल तर खायचंच, मनाई करायची नाही, मनाई केली की तो डबा दुसऱ्या दिवशी वर्गातसुद्धा डोक्यात राहतो. फक्त वाटीत काढून घ्या, दिवा लावा, खुर्चीवर बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पहिला घास, शेंगदाणा कुठे लागला, खोबऱ्याचा काप, तळलेला कांदा, आधी मीठ मग तिखट. दुसरा, तिसरा. पाचव्या-सहाव्या घासाला बघा, चव उतरायला लागलेली असते. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची मजा कमी होत जाते ही मेंदूची रीतच आहे, पण अंधारात उभ्याने डब्यात हात घालून खाल्लं की ती कळतच नाही. जीन क्रिस्टेलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी असं ताबा सुटून खाणाऱ्यांसाठी जे ट्रेनिंग बसवलं त्यातही ज्या पदार्थांची भीती वाटते तेच हळूहळू, लक्ष देऊन खायला लावतात.

एक मात्र गंभीरपणे सांगते. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवता येत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर स्वतःचीच किळस वाटते, आणि हे आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने चाललंय, तर त्याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत तो वेगळा आजार म्हणून आला आणि त्यावर उपचार आहेत, सीबीटी म्हणून बोलून उपचार करायची एक पद्धत आहे तिने चांगला फरक पडतो. तुमचं वर्णन मला त्याच्या जवळचं वाटतंय. सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला एकदा दाखवा, आणि डाएटिशियनकडे जाल तिथेही रात्रीचं सगळं सांगा, नाहीतर त्या अजून एक कडक डाएट लिहून देतील आणि रात्रीचं खाणं उलट वाढेल. इच्छाशक्तीबद्दल जे स्वतःला बोलता ना, तेच तुमच्या वर्गातली एखादी पोरगी रडत येऊन बोलली असती तर तिला काय म्हणाला असता, तेवढं एका चिठ्ठीवर लिहा आणि त्या डब्याला चिकटवा. हसू येईल, येऊ दे.

प्रश्न : सातपूरला कंपनीत आहे, तीन शिफ्ट. वजन ११२. बायकोने मोबाईलवर ॲप टाकून दिलं, डोळे मिटून श्वास बघायचा. दोन मिनिटांत झोप लागते आणि घोरायला लागतो, ती हसत बसते. माझ्याच्याने हे होणार नाही का?

उत्तर : दादा, ध्यानात डुलकी लागणं यात विशेष काही नाही, पण तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष ध्यानावरून उडालं आणि घोरण्यावर गेलं. वहिनींना विचारा, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का आणि मग घुसमटल्यासारखा एकदम परत सुरू होतो का? सकाळी डोकं जड, दिवसा झोप, चिडचिड, कामात लक्ष नाही, असं असेल तर स्लीप ॲप्निया असू शकतो. वजन जास्त असलेल्यांमध्ये तो पुष्कळ सापडतो आणि लोक वर्षानुवर्षं त्याला आळस समजतात नाहीतर डिप्रेशन समजतात. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, झोपेची टेस्ट असते, गरज पडली तर मास्कवालं मशीन देतात, आणि काहींचा मूड तेवढ्यानेच बराच सुधारतो. तोपर्यंत रात्रपाळी सुटल्यावर बाईक चालवू नका, कंपनीच्या बसने या. आणि श्वास बघायचाच असेल तर उभं राहून किंवा चालताना तळपायाकडे लक्ष देऊन बघा, झोपायची सोयच ठेवू नका.

प्रश्न : तुमचा मागचा लेख वाचला. वय वर्षे ६७, गंगापूर रोड. तुम्ही लोक जाड माणसांना गोंजारता. अहो, तोंडाला कुलूप लावलं की वजन उतरतं, यात मन कुठून आलं? मी रोज सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या मारतो. माझा जावई १०८ किलोचा आहे, त्याला मी सगळ्यांसमोर स्पष्ट बोलतो, त्याच्याच भल्यासाठी.

उत्तर : काका, पाच फेऱ्यांना मनापासून नमस्कार. कुलुपाचं म्हणाल तर ते लावून बघितलेलं आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, जास्त वजनाच्या लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला, वजन चांगलं उतरलं, आणि मग वर्षभराने परत रक्त तपासलं तर भूक वाढवणारी हार्मोन्स अजूनही वरच होती, पोट भरल्याचं सांगणारी खालीच, आणि लोकांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. म्हणजे शरीर आपलं जुनं वजन परत मागत राहतं, वर्ष झालं तरी. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून हेही कळलंय की कुणाचं वजन किती होणार यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. तुम्ही आणि जावई एकाच ट्रॅकवर चाललात तरी दोघांची शर्यत सारखी नाहीये.

आता स्पष्ट बोलण्याचं. २०१४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या जवळपास ३००० माणसांची माहिती तपासली. वजनावरून आपल्याला वाईट वागवलं जातं असं ज्यांनी सांगितलं होतं त्यांचं वजन चार वर्षांत वाढलं होतं, आणि बाकीच्यांचं सरासरी किंचित कमी झालं होतं. बोलणी खाल्लेला माणूस घरी जाऊन व्यायाम करत नाही काका, तो दार लावून बसतो आणि काहीतरी खातो, आणि लोक बघतील म्हणून ट्रॅकवर तर मुळीच येत नाही.

आणि राग मानू नका, पण अधिक महिना आला की याच जावयाला तुमच्याच घरी बोलावून ताटात ३३ अनारसे वाढणार, तो नको म्हणाला की काकू रुसणार, आणि खाल्ले की तुम्ही बोलणार. त्याने करायचं काय? बोलायचंच असेल तर एकट्याला गाठून विचारा, सकाळी माझ्याबरोबर येतोस का, एक फेरी मारू आणि चहा घेऊ. वजनाचा व पण काढायचा नाही. नाही म्हणाला तर नाही.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते. मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे, वजन ६८. तिला ढोल पथकात जायचं होतं, खूप मागे लागली होती. घरी सगळे बसलेले असताना तिची आत्या म्हणाली, 'हिला कशाला ढोल, हीच ढोल आहे.' सगळे हसले, मीपण हसले थोडी. त्या दिवसापासून ती पथकाचं नावच काढत नाही, डबा अर्धा परत आणते. तिची मान पण काळी पडलीये, मी रोज घासते, जात नाही. तिला माइंडफुलनेस शिकवायला कुठे पाठवू?

उत्तर : मान घासणं आजपासून बंद करा, हे सगळ्यात आधी. तो मळ नाहीये. मानेवर, काखेत अशी जाडसर, मखमलीसारखी काळी कातडी येते तेव्हा बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिनचं काम नीट चाललेलं नसतं याची ती खूण असते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते साखर वगैरे तपासतील, पाळी सुरू झाली असेल तर ती नियमित येते का हे विचारतील. आणि मुलीला सांगा की ही घाण नव्हती, मला माहीत नव्हतं. इतके दिवस तिला वाटत असणार आपण स्वच्छ नाही, शाळेत मुली बोलल्या असतील तर त्याहून वाईट.

माइंडफुलनेसला तिला कुठेही पाठवू नका, निदान आत्ता तरी. एवढ्यात पाठवलंत तर तिला कळणार की बिघडलेली मीच, दुरुस्तीला मलाच धाडलंय. आधी घर दुरुस्त करू. आत्याचं वाक्य आणि त्यावरचं हसणं दोन्ही तिने ऐकलंय, तुमचं जरा जास्तच ऐकलंय. आज रात्री ती झोपायच्या आधी शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, त्या दिवशी मी हसायला नको होतं, तुला लागलं असेल. एवढंच. लगेच 'पण तुझ्या तब्येतीसाठीच' असलं शेपूट जोडू नका. ती काही बोलणार नाही कदाचित, पाठ करून झोपेल, तरी चालेल. नणंदबाईंनाही एकदा सांगावं लागेल, आणि ते तुमच्या मिस्टरांनी सांगितलेलं बरं, बहीण त्यांची आहे: ताई, तिच्या अंगावरून आता घरात कुणी बोलायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. घरातल्या माणसांनी वजनावरून बोललं की मुलं पुढे चोरून खाणं, उपाशी राहणं, ओकून टाकणं अशा वाटेला लागण्याचा धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

खाण्यात बदल करायचा तर सगळ्या घराचा करा, तिच्या ताटात भाकरी आणि भावाच्या ताटात नूडल्स हे चालणार नाही. कोल्ड्रिंकची बाटली घरात येणं बंद, जेवताना टीव्ही बंद, रविवारची मिसळ सगळ्यांनी मिळून आणि मजेत, तिचे पाव न मोजता. जेवताना भाजी कशी झालीये, कुठली मिरची आहे, याच्यावर गप्पा मारा, एवढं लक्ष देऊन जेवणं तेराव्या वर्षी पुष्कळ झालं. आणि पथकात पाठवा हो. ढोल कमरेला बांधून तासभर वाजवायला ताकद लागते, तिथे तिचं शरीर काहीतरी करून दाखवेल, नुसतं बघायची वस्तू राहणार नाही. पथकाच्या ताईंना आधी भेटून या, कुणी चिडवलं तर तुम्ही काय करता असं सरळ विचारा, गोलमाल उत्तर आलं तर दुसरं पथक शोधा, नाशकात पथकांना तोटा नाही.

डब्यावर लक्ष ठेवा. जेवण टाळणं वाढलं, जेवल्यावर बाथरूममध्ये बराच वेळ जायला लागला, हातावर ओरखडे दिसले किंवा जगण्यावरूनच काही बोलली तर वाट बघू नका, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : ताई मी २४ चा, जुन्या नाशकात तिवंधाजवळ राहतो. वजन ११८. लहानपणी रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आमच्याकडच्या रंगाच्या हौदात, पहिला धप्पा मारायला धावायचो. आता शर्ट ओला झाला की अंगाला चिकटतो आणि पोरं मोबाईल काढतात, म्हणून ३-४ वर्षं झाली गेलोच नाही. जॉबला जातो, घरी येतो, बस. मित्र इंजेक्शन घे म्हणतो, जिमवाला आणून देतो म्हणे. आधी वजन कमी करू की आधी डोकं ठीक करू? कधी कधी वाटतं नकोच हे सगळं.

उत्तर : तुला अरे-तुरे करते, चालेल ना. तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते. 'नकोच' म्हणजे हा वैताग आहे, की जगायलाच नको असं वाटतं? दुसरं असेल, अगदी अधूनमधून असलं तरी, आजच १४४१६ ला फोन कर. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. आणि घरातल्या किंवा मित्रांतल्या एका तरी माणसाला हे मोठ्याने सांग.

आधी काय याचं उत्तर म्हणजे दोन्ही बरोबरच. २०१० मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तर लठ्ठ माणसाला पुढे डिप्रेशन यायची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली आणि डिप्रेशन असलेल्याला पुढे लठ्ठपणा यायची ५८ टक्क्यांनी. एक दुसऱ्याला ओढतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, कशात रस नाही, झोप बिघडलीये असं असेल तर त्याचे उपचार वजनासाठी थांबवून ठेवायचे नाहीत. डॉक्टरांना वजनाचंही सांगून ठेव, काही मानसोपचाराच्या औषधांनी वजन वाढतं, काहींनी नाही, ते बघून निवडतात.

इंजेक्शन जिमवाल्याकडून अजिबात घ्यायचं नाही. मुंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोवी जूनमध्ये भारतात आलं, ही खरी औषधं आहेत, बऱ्याच जणांना चांगला उपयोग होतो, डोक्यात सतत चाललेली खाण्याची बडबड शांत झाली असं घेणारे सांगतात. पण ती डॉक्टरने तपासून, चिठ्ठीवर द्यायची, पोटाचे त्रास होतात, आणि थांबवलं की वजन परत येतं, सेमाग्लुटाइडच्या (वेगोवीतलं औषध तेच) एका मोठ्या अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरकडे जा. घेणं यात कमीपणा काही नाही, न घेणं यातही नाही.

आता एक छोटं काम. तू चारचौघांत उभा असतोस तेव्हा पोट आत ओढून उभा असतोस का रे? बहुतेक असशील, शरीराची लाज वाटणारे बहुतेक जण असतात, दिवसभर, नकळत, आणि मग श्वास वरच्या वर छातीतच अडकतो, खांदे चढतात, कान गरम होतात. ध्यानाच्या ॲपवर पहिल्याच दिवशी 'पोटाकडे लक्ष द्या' म्हणतात, ते तू करू नकोस, त्याने उलट कसंतरी होईल. तळपायापासून सुरू कर, किंवा नुसते आवाज ऐक, बाहेरचे, रिक्षाचे, देवळातल्या घंटेचे. मग कधीतरी बाथरूममध्ये दार लावून पोट सोडून दे आणि दोन-तीन श्वास पूर्ण खालपर्यंत घे. जमलं की घरात सगळ्यांसमोर. मग टपरीवर चहा पिताना. 'सगळे बघतायत' हा विचार येईलच, आला तर मनात म्हण, हां, हा तोच आला, आणि चहा पी.

रहाडीचं पुढच्या रंगपंचमीला बघू, मी ढकलणार नाही. पण नुसतं काठावर जाऊन उभा राहिलास, सोबत एक असा मित्र की जो फोन काढणाऱ्याला दोन शब्द ऐकवेल, तर तेवढ्याला ११८ किलो आड येत नाहीत.

प्रश्न : वय ५८, डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो, डिप्रेशनची एक गोळी पण चालू आहे. इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस गेलो तर वजन आणि मन दोन्हीचं काम होईल असं मित्र म्हणतो.

उत्तर : धम्मगिरी हे इगतपुरीचं विपश्यना केंद्र आपल्या जिल्ह्यातच असल्यामुळे हा सल्ला इथे हमखास मिळतो. शिबिर चांगलं असतं, पण ते वजन उतरवायचं शिबिर नाही आणि तसं समजून जाऊ नका. दहा दिवस मौन, दिवसाचे बरेच तास बसणं, आणि संध्याकाळी नवीन साधकांना फक्त चहा आणि थोडं काहीतरी हलकं, इन्सुलिनवाल्या माणसाला हा मोठा बदल आहे. फॉर्ममध्ये डायबेटिस, गोळी, सगळं खरं लिहा, काही लपवू नका, त्यांनी आत्ता नको म्हटलं तर ऐका. जायच्या आधी दोन्ही डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करून तर कुठेच जायचं नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, देतात.

प्रश्न : मी ४१, पंचवटीत राहते. कुठल्याही दुखण्यासाठी गेलं की आधी वजनावरून भाषण. एकदा कान ठणकत होता तर एका दवाखान्यात डॉक्टर कानात बघायच्या आधी म्हणाले, वजन कमी करा. बीपी बघताना सिस्टर पट्टा ओढत ओढत म्हणाल्या, 'बसतच नाही हिला.' दोन वर्षं झाली, कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. पाळी आता कधीही येते, मध्येच डागही पडतात, पण धीर होत नाही. काय करू?

उत्तर : जाऊ या. अनियमित रक्तस्राव या वयात तपासूनच घ्यावा लागतो, आणि वजन जास्त असेल तर जरा जास्तच तातडीने, कारण जास्त वजनामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण न तपासता ते कळणार कसं. या आठवड्यातलीच अपॉइंटमेंट घ्या.

तुम्हाला जे झालं ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत, डॉक्टर-नर्स वजनावरून वेगळं वागतात आणि त्यामुळे लोक दवाखाना टाळतात, यावर २०२० मध्ये बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी आणि संस्थांनी मिळून जाहीर निवेदनच काढलं होतं. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या एका आयोगानेही सांगितलं की नुसत्या बीएमआयच्या, म्हणजे उंची-वजनाच्या हिशोबाच्या, आकड्यावरून माणूस आजारी ठरवू नका, अवयवांचं काम कसं चाललंय ते बघा. तुमच्या डॉक्टरांनी हे वाचलेलं असेल-नसेल, आपण आपली तयारी करून जायचं.

काय सांगायचं ते तीन ओळीत कागदावर लिहून न्या, ऐनवेळी डोळे भरून आले तर कागद पुढे करा. पहिलं वाक्य हे: 'मी रक्तस्रावासाठी आलेय, आधी ते बघू या, वजनाचं शेवटी बोलू.' वजनावर गाडी गेलीच तर विचारा, 'हाच त्रास एखाद्या बारीक बाईला असता तर तुम्ही कुठल्या टेस्ट सांगितल्या असत्या?' भांडणाच्या सुरात नाही, खरंच विचारल्यासारखं. काट्यावर उभं राहायचं नसेल तर विचारता येतं की आज वजनाची गरज आहे का. भुलीसाठी किंवा औषधाच्या डोससाठी लागतं कधी कधी, तेव्हा पाठ करून उभ्या राहा आणि आकडा मोठ्याने वाचू नका म्हणा. बाहेर बाकावर नंबरची वाट बघताना छाती धडधडेल, तेव्हा दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवून फरशीचा गारवा लागतोय का एवढंच बघत बसा, मन शांत करायच्या नादाला लागू नका, धडधड राहिली तरी नंबर आपलाच आहे. बहिणीला नाहीतर मैत्रिणीला सोबत न्या.

आणि बीपीच्या पट्ट्याचं. दंड मोठा आणि पट्टा लहान असला की बीपी खोटंच जास्त दाखवतं, म्हणजे नसलेल्या बीपीची गोळीसुद्धा मागे लागू शकते. मोठा पट्टा (त्याला ते कफ म्हणतात) मिळतो, सर्जिकलच्या दुकानात असतो, महाग नाही. सिस्टरना म्हणा, 'मोठा कफ लावा.' नाही म्हणाल्या तर मागवून ठेवा म्हणा, मी परत येणारे.